पिंडरीतला गोळा: स्नायू आवळतो कसा आणि सोडत का नाही

पोलीस भरतीची चाहूल लागली की आमच्या गावाचा डांबरी रस्ता पहाटे साडेचारला जागा होतो. मोबाईलच्या उजेडात पाच-सात पोरं, मागं दोन-तीन पोरी, आणि त्यांच्या मागं भुंकणारी कुत्री. डिसेंबरातल्या अशाच एका पहाटे यातला एक जण माझ्या फाटकासमोर मटकन खाली बसला. उजवी पिंडरी दोन्ही हातांनी गच्च धरलेली. "सर, लय जोऱ्यात गोळा आला ना!" मी हात लावून पाहिला, तर पिंडरी खरोखर बाभळीच्या गाठीसारखी टणक.

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला केळं खा. दुसरा म्हणाला मीठ-लिंबू घे. तिसऱ्याला तालुक्याच्या गावी मिळणारं 'ताकदीचं इंजेक्शन' ठाऊक होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'स्नायूंचे आकुंचन' हा धडा मी अनेक वर्षं शिकवलाय, पण त्या पोराच्या पायात नेमकं काय झालं ते पाच मिनिटांत सांगता येईना. म्हणून हा लेख जरा निवांत लिहितोय.

## दोरीनं ढकलता येत नाही

आमच्या लहानपणी कोंबडी कापली की तिच्या पायाचा पंजा पोरांना खेळायला मिळायचा. कापलेल्या टोकाशी एक पांढरी दोरी दिसते. ती ओढली की नखं मिटतात आणि सोडली की सैल पडतात. एकमेकांना चिमटे काढायचा आमचा हा आवडता उद्योग होता. ती पांढरी दोरी म्हणजे कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. स्नायू म्हणजे ती दोरी ओढणारा गडी.

तुमच्या हातातही हेच आहे. डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट आणि कोपर यांमधला भाग घट्ट धरा आणि उजव्या हाताची बोटं हलवा. बोटं तिकडे हलतात आणि हालचाल इकडे कोपराजवळ जाणवते. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नाहीतच. ते दूर बसून दोऱ्या ओढतात.

आता मुद्द्याची गोष्ट. स्नायू फक्त ओढतो, कधीच ढकलत नाही. बैलाच्या कासऱ्यासारखंच आहे हे. डावा कासरा ओढला की बैल डावीकडे वळतो, पण तोच कासरा ढकलून त्याला उजवीकडे वळवता येत नाही. त्यासाठी दुसरा कासरा लागतो. म्हणून शरीरात स्नायू जोडीनं असतात. दंडाच्या पुढचा स्नायू हात दुमडतो, मागचा स्नायू तो सरळ करतो. एक ओढत असताना दुसऱ्यानं सैल सोडावं लागतं. तुम्ही गाडी ढकलता, दार लोटता, गोळा फेकता, तेव्हाही आत सगळी ओढाओढच चालू असते.

हाडांना जोडलेले असे सहाशेहून जास्त स्नायू आपल्याला असतात. हृदयाचे आणि आतड्याचे वेगळ्या जातीचे. ते आपल्या हुकमात नाहीत, म्हणून इथं बाजूला ठेवू.

जाता जाता एक गंमत. दंड फुगवला की आपण त्याला बेटकुळी म्हणतो, आणि मला तर कातडीखाली बेडूक बसल्यासारखंच वाटतं. जुन्या रोमन लोकांना तिथं उंदीर दिसला. त्यांच्या लॅटिन भाषेत स्नायूला 'छोटा उंदीर' अशा अर्थाचा शब्द आहे आणि इंग्रजीतला 'मसल' त्यातूनच आला. विज्ञानानं मात्र आपल्या बेडकाची बाजू घेतली. इटलीतल्या गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये विजेच्या स्पर्शानं मेलेल्या बेडकाची तंगडी झटका देते हे जगापुढं मांडलं, आणि स्नायूला हुकूम विजेतून मिळतो हे तिथून उलगडत गेलं.

## आत डोकावलं तर

कापसाचा दोर उकलून पाहा. दोरात पीळ, पिळात सूत, सुतात तंतू. स्नायूचंही असंच आहे. जुड्यांच्या आत जुड्या, आणि सगळ्यांत आत इतके बारीक कप्पे की एका सेंटीमीटर लांबीत ते सुमारे ४,००० बसतात. या प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारचे धागे शेजारी-शेजारी असतात. एक जाड, त्याला मायोसिन म्हणतात. दुसरा बारीक, त्याला ॲक्टिन म्हणतात.

१९५४ पर्यंत अनेकांना वाटायचं की हे धागे रबरासारखे आक्रसत असतील. त्या वर्षी 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या जोड्यांनी सांगितलं की धागे आखूड होतच नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. एका जोडीत ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन, दुसरीत अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के. दोन्ही हक्सलींचं आपसात काही नातं नव्हतं.

विहिरीतून बादली शेंदताना काय करता? दोर आखूड होत नाही. एका हातानं ओढायचा, दुसऱ्यानं वरचा भाग धरायचा, पहिला सोडायचा, पुन्हा पुढं धरायचा. मायोसिनला असेच अगणित बारके हात असतात आणि ते ॲक्टिनचा दोर शेंदत असतात. एका हिसक्यात दोर किती सरकतो? मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी. पण हजारो कप्पे एकामागं एक लावलेले आणि प्रत्येकात हातच हात, म्हणून सोयाबीनचा कट्टा जमिनीवरून उचलला जातो.

शेंदायला सुरुवात करा, हे सांगतं कोण? मज्जातंतू, म्हणजे मेंदूकडून आणि पाठीच्या कण्यातून आलेली तार. तारेच्या टोकाला एक रसायन पाझरतं, स्नायूत कॅल्शियम मोकळं होतं आणि हात दोर पकडतात. कॅल्शियम म्हणजे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यातल्या चुन्यात असतं तेच. पण खर्रा खाऊन पिंडरीत जोर येत नाही, हेही इथंच सांगून टाकतो.

## सोडायलाही ताकद लागते

लोकांना न पटणारी गोष्ट ही. आपल्याला वाटतं, धरायला ताकद लागते आणि सोडणं फुकट. स्नायूत सोडायलाही इंधन लागतं. मायोसिनचा हात दोराला चिकटला की आपण होऊन सुटत नाही. एटीपी नावाचा कण येऊन बसला तरच तो सुटतो. एटीपी म्हणजे पेशीला थेट वापरता येणारी ऊर्जा. यापुढं मी तिला जाळ म्हणेन.

याचा पुरावा प्रत्येक गावानं पाहिलाय. माणूस गेला की जाणती मंडळी घाई करतात. डोळे मिटा, हनुवटी बांधा, हातपाय सरळ करा, अंग ताठायच्या आत. अंग ताठतं ते थंडीनं नव्हे. श्वास थांबला, जाळ विझला, आणि दोर धरलेले हात धरलेलेच राहिले. आपल्याकडच्या मे महिन्यात हा ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो, कारण उष्णतेनं सगळ्याच रासायनिक क्रिया वेगानं होतात.

दुसरा पुरावा लिहिताना हात जड होतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा वापरात असलेल्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषधही होतं. हा गट काय करतो? तारेच्या टोकाला पाझरणारं ते रसायन काम झालं की पुसून टाकणारा एक झाडूवाला शरीरात असतो. हे विष त्या झाडूवाल्यालाच बांधून ठेवतं. मग 'आवळ, आवळ' हा हुकूम थांबतच नाही. आधी पापण्या आणि दंड फडफडतात, मग स्नायू गळून जातात. छातीखालचा श्वासपटलही स्नायूच आहे, म्हणून श्वास अडकतो. फवारणी केलेल्या माणसाच्या अंगाला फडफड सुटली, तोंडाला लाळ आली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर 'उन्ह लागलं असंल' म्हणत बसू नका. कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा आणि थेट दवाखाना गाठा.

## गोळा, शंभर, सोळाशे: चुलीतली तीन सरपणं

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. मुलींना १,६०० ऐवजी ८००. पोरं विचारतात, "सर, मी गोळा लांब फेकतो, मग सोळाशेत मागं कसा राहतो?" कारण या तिन्हींची चूल वेगळ्या सरपणावर पेटते.

स्नायूत तयार जाळ फार थोडा असतो, दोन-तीन सेकंदांपुरता. तो सतत नव्यानं पेटवावा लागतो. पहिलं सरपण म्हणजे राकेल. शास्त्रात त्याला क्रिएटिन फॉस्फेट म्हणतात. ओतलं की भडका, पण साठा दहा सेकंदांच्या आसपासचा. गोळाफेक यातच आटोपते.

दुसरं सरपण म्हणजे पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली झाडं. स्नायूत ती म्हणजे साठवलेली साखर, ऑक्सिजनशिवाय अर्धवट जाळलेली. पऱ्हाटी लवकर पेटते, जाळ मोठा, पण धूर फार आणि मिनिट-दोन मिनिटांत ती बसते. शंभर मीटरचा उत्तरार्ध आणि ४०० मीटर हे पऱ्हाटीचं काम.

तिसरं म्हणजे बाभळीचा ओंडका. साखर आणि चरबी ऑक्सिजन घेऊन सावकाश पूर्ण जाळायची. पेटायला वेळ लागतो, पण तासन् तास चालतं. १,६०० मीटरला चांगल्या पोराला पाच-सहा मिनिटं लागतात आणि त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा या ओंडक्याची असते.

आमची पोरं करतात काय? रोज पहाटे पहिले चारशे मीटर जीव तोडून पळतात, पऱ्हाटी जाळून टाकतात, मग धुरात धापा टाकत उरलेले बाराशे ओढतात. रोज तेच. ओंडका पेटायची संधीच मिळत नाही. बोलता बोलता पळता येईल अशा संथ चालीनं आठवड्यातले बहुतेक दिवस पळावं, तर स्नायूतल्या ओंडक्याच्या चुली वाढतात आणि त्यांना रक्त पोहोचवणाऱ्या बारीक नळ्याही वाढतात. एखाद-दोन दिवस वेगाचे ठेवावेत. पण संथ पळणाऱ्याला इथं लोक हसतात, ही खरी अडचण आहे.

## लॅक्टिक ॲसिड बिचारं बदनाम

"पायात ॲसिड जमा झालं सर, म्हणून दुखते." हे वाक्य मोबाईलवरच्या व्हिडिओंनी घरोघरी पोहोचवलंय. याचं मूळ जुनं आहे. हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं ते स्नायूंवरच्या कामासाठी, आणि त्यात लॅक्टिक ॲसिडचा हिशेब होता. प्रयोग पुन्हा बेडकाच्याच तंगडीवर.

पऱ्हाटी अर्धवट जळली की दोन गोष्टी उरतात, धूर आणि कोळसा. पळताना मांडीत जी आग होते तिच्यात धुराचा, म्हणजे आम्लतेचा, वाटा आहे. लॅक्टेट हा कोळसा. कोळसा कोणी उकिरड्यावर टाकतं का? तो दुसऱ्या शेगडीत जळतो. हृदय आणि शेजारचे स्नायू लॅक्टेट जाळतात, यकृत त्याची पुन्हा साखर बनवतं. पळणं थांबल्यावर तासाभरात रक्तातलं लॅक्टेट बहुतेक पूर्वपदावर येतं.

मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना 'आई गं' का होतं?

पचमढीला चौरागडाच्या यात्रेला गेलात ना? चढताना दम लागतो. पण तिसऱ्या दिवशी संडासला बसणं मुश्किल होतं ते उतरण्यामुळं. उतरताना मांडीचा स्नायू आवळलेलाही असतो आणि वजनानं ताणलाही जात असतो. भरलेली बादली विहिरीत हळूहळू सोडताना दोर तळहाताला कापतो, तसं. या ओढाताणीत आतल्या धाग्यांना बारीक इजा होते, मग शरीर दुरुस्तीला लागतं, सूज येते आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचतं. सोयाबीन सोंगायच्या पहिल्या दोन दिवसांत कंबर धरते आणि चौथ्या दिवशी काही वाटत नाही, तेही हेच. दुरुस्ती झालेला स्नायू त्याच कामाला पुढच्या वेळी कमी कुरकुरतो.

## तंगडी काळपट, छाती पांढरी

पुन्हा कोंबडीकडं येऊ. तिच्या तंगडीचं मटण गडद आणि छातीचं फिकं का असतं? कोंबडी दिवसभर चालते, म्हणून तंगडीत ओंडक्यावर चालणारे, ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या लालसर द्रव्यानं भरलेले सावकाश तंतू. छातीचे स्नायू पंखांचे. कुत्रं मागं लागलं तरच चार हात उडायचं, म्हणून तिथं झटक्यात ताकद देणारे आणि लवकर थकणारे फिके तंतू. माणसात दोन्ही एकाच स्नायूत मिसळलेले असतात. कोणाचं प्रमाण किती, हे बरंचसं जन्मानं ठरतं, थोडं सरावानं बदलतं.

मेंदू त्यांना हाक मारतो तीही क्रमानं. हलकं काम असेल तर घरची चार माणसं, म्हणजे सावकाश तंतू. भार वाढला तर शेजारी, आणि अगदीच जड असेल तर अख्खी आळी. म्हणून फक्त हळू पळणाऱ्याचे झटक्याचे तंतू घरात झोपून राहतात. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची असते. ते राकेल आणि पऱ्हाटीचं काम, आणि मधल्या काळात दम भरून काढणं ओंडक्याचं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आपल्याकडं हे शास्त्र मैदानावर आधी आलं, पुस्तकात नंतर.

## "शेतात राबणाऱ्याले व्यायाम कायले पायजे?"

हे मला एका पोराच्या बापानं चिडून विचारलं होतं, आणि त्याचा राग मला समजतो. दिवसभर डवरणी करून आलेल्या पोरानं आणखी पळायचं?

पण स्नायू जे काम रोज करतो तेच शिकतो. निंदण करणाऱ्या बाईची मांडी आणि कंबर तासन् तास टिकते. शहरातला जिमवाला तिथं अर्ध्या तासात आडवा होईल. तीच बाई शंभर मीटर पळायला लावली तर अवघडेल, कारण तिच्या झटक्याच्या तंतूंना कोणी हाकच मारलेली नाही. पळायचं असेल तर पळावंच लागतं, गोळा फेकायचा तर गोळा उचलावाच लागतो. मात्र बापाचं एक म्हणणं सोळा आणे खरं आहे. कापूस वेचून आलेल्या दिवशीचा सराव कमी धरला पाहिजे. स्नायू घट्ट होतो तो विश्रांतीत, पळताना नव्हे.

आणखी एक. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यत्वे मेंदूच्या हाका नीट पोहोचू लागल्यामुळं. बेटकुळी फुगायला त्याहून वेळ लागतो. आरशात काही दिसत नाही म्हणून पोरं महिन्याभरात सोडतात, नेमकं फळ लागायच्या वेळी.

## डबा घ्यायचा का?

प्रोटीनचा डबा. स्नायूच्या दुरुस्तीला प्रथिनं लागतात, हे खरंच. साध्या माणसाला दिवसाला दर किलो वजनामागं सुमारे ०.८ ग्रॅम, कसून सराव करणाऱ्याला त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे साठ किलोच्या पोराला नव्वद-शंभर ग्रॅम. एवढं भाकरी-भाजीत भागत नाही, पण डब्याशिवाय भागतं. तुरीच्या दाळीत वीस टक्क्यांवर प्रथिनं, फुटाण्यात तेवढीच, शेंगदाण्यात पंचवीस, सोयाबीनमध्ये छत्तीस ते चाळीस, सोयावडीत जवळपास पन्नास टक्के. एका अंड्यात सहा ग्रॅम. घरचं सोयाबीन मिळेल त्या भावानं अडत्याला घालायचं आणि आलेल्या पैशातून डबा आणायचा, हा व्यवहार मला अजून उमगलेला नाही. (सोयाबीन कच्चं खाऊ नका, शिजवून खा. कच्च्यातलं एक द्रव्य प्रथिनांच्या पचनाला आडवं येतं.)

ताकदीच्या इंजेक्शनबद्दल एवढंच सांगतो. त्यात दुखणं दाबणारं किंवा स्टेरॉइडचं औषध असेल तर इजा तशीच राहते, फक्त ती सांगणारी घंटा बंद होते.

## मग त्या पहाटे गोळा का आला?

घामावाटे मीठ गेलं म्हणून, असं सगळे म्हणाले. पण डिसेंबरातली पहाट, अंगात स्वेटर, आणि पळून जेमतेम दहा मिनिटं झालेली. घाम कुठला? उन्हातल्या दिवसभराच्या कामात पाणी आणि मीठ कमी पडणं हे कारण असू शकतं, आणि तिथं ओआरएस प्यावंच. पण पळणाऱ्याच्या गोळ्यामागं बरेचदा थकवा असतो. थकलेल्या स्नायूला 'आवळ' हे हुकूम वाढतात आणि कंडरेकडून येणारी 'आता सोड' ही सूचना क्षीण होते. म्हणून पंजा पोटाकडं ओढून पिंडरी ताणली की आराम पडतो. ताण बसला की कंडरेची ती सूचना पुन्हा कण्यापर्यंत पोहोचते. केळं पोटातून रक्तात जाईपर्यंत तर गोळा आपोआप सुटलेला असतो.

उन्हाळ्यात मात्र हिशेब बदलतो. स्नायू जेवढी ऊर्जा जाळतो तिचा चौथा-पाचवा भागच कामी येतो, बाकीची उष्णता होते. बाहेर ४५ अंश असताना ही आतली भट्टी कुठं निवणार? एप्रिलपासून सराव सूर्य वर यायच्या आत संपवा. आणि जबर मेहनतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तो साधा थकवा नव्हे. फुटलेल्या स्नायूतली द्रव्यं मूत्रपिंडावर चालून गेलेली असतात. तेव्हा घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी दवाखाना.

त्या पोराला मी ओसरीवर बसवलं, गुडघा सरळ ठेवून पंजा हळूहळू त्याच्याकडं दाबला. मिनिटभरात गाठ विरघळली. पण अंगठ्याखाली बराच वेळ बारीक फडफड लागत होती, भाजलेले मुरमुरे कढईत हलावेत तशी. "काल किती पळला होता?" मी विचारलं. "सोळाशे तीनदा, सर. अन् दिवसभर वेचाईले होतो." तेवढ्यात गल्लीच्या टोकावरून त्याच्या मायची हाक आली, बायांची गाडी निघाली होती. तो उठला, पाय टेकवून पाहिला आणि लंगडत वावराकडं गेला.